गोव्याचा माणूस परदेशात बावचळत नाही म्हणे! (तरुणपणीच्या फजित्या इथे लिहा)

फेरीबोट
माझे मत आधीच सांगून टाकतो, मग खुशाल शिव्या घाला. पहिल्यांदा परदेशात गेल्यावर इतर ठिकाणची पोरे जेवढी बावचळतात तेवढा गोव्याचा पोरगा बावचळत नाही. आपण परदेशी माणूस लहानपणापासून जवळून बघितलेला असतो. हणजूणच्या बुधवारच्या बाजारात घासाघीस करताना, भाड्याच्या स्कूटरवरून चुकीच्या बाजूने येताना, उकड्या तांदळाच्या पेजेकडे संशयाने बघताना. त्यांना हसत हसत आपण मोठे झालो, त्यामुळे गोऱ्या माणसाचे दडपण आपल्याला नसते.
मी शिकायला लिस्बनला गेलो तेव्हा निळ्या-पांढऱ्या फरशा, लाल कौले आणि चढाच्या गल्ल्या बघून वाटले, पणजीचे फोंताइन्हास कुणीतरी हवा भरून फुगवले आहे. एकदाही अवघडल्यासारखे झाले नाही.
तुमचे अनुभव लिहा. अट एकच: विशीतले हवेत, स्वतःच्या नाहीतर बापाच्या पैशाने केलेल्या प्रवासातले. कंपनीच्या खर्चाने गेलेल्यांनी वेगळा धागा काढावा.

सोलकढी_दोन_वाट्या
लिस्बनला हॉटेलात बसल्या बसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह आणि चीज आणून ठेवतात. ते फुकट समजून किती वेळा खाल्लेस ते आधी सांग. मग पुढचे बोलू.

फेरीबोट
ते अवघडणे नव्हे, ते अर्थशास्त्र. (नवीन लोकांसाठी: पोर्तुगालमध्ये हे न मागता आणतात. हात लावला तर बिलात लागते, नको म्हटले तर निमूट परत नेतात. मी हात लावला होता. सगळ्यालाच.)

झुआरीकाठ
फेरीबोटीला भोक पडले. धागा संपला. चला घरी.

पिंट्या_फोंडेकर
संपला कसा? मला लिहायचे आहे, बरीच वर्षे पोटात ठेवलेले.
श्टुटगार्टला शिकत होतो, वय तेवीस. सोबत एका छोट्या कंपनीत अर्धवेळ काम. हिवाळ्यात तिथली मंडळी म्हणाली, शनिवारी सॉनाला चल. मला वाटले वाफेची आंघोळ असेल, म्हणून मी पोहण्याची चड्डी घेऊन गेलो. आत गेलो तर फळ्यांच्या पायऱ्यांवर स्त्री-पुरुष सगळे दिगंबर, आणि चेहरे असे की बँकेत टोकन घेऊन बसलेत. एक आजोबा मला शांतपणे म्हणाले, पोरा, चड्डी बाहेर, इथे स्वच्छतेचा नियम आहे. जर्मनीत बहुतेक सॉनात असेच असते. कपडा चालत नाही, पण टॉवेल मात्र अंगाखाली असा पसरायचा की तुमचा घाम फळीला लागता कामा नये. म्हणजे जिथे टॉवेलची खरी गरज तिथे तो नाही.
शेवटी देवाचे नाव घेतले आणि केले. आता अंगावर फक्त जानवे. सगळे बघायचे टाळत होते, पण जानव्याकडे मात्र उघड बघत होते. आमच्या कंपनीची मालकीणबाई वरच्या पायरीवर. तिने फार आदराने विचारले, हा दोरा कसला? आणि मी, देवा म्हाराजा, मुंज म्हणजे काय, गायत्री मंत्र कोणता, तीन पदर कशाचे, हे सगळे त्या अवस्थेत मांडी घालून समजावले. मुंजीत भटजींनी सांगितलेलेही मला एवढे आठवत नव्हते, तिथे सगळे आठवले.

डिचोलीची_अक्का
अरे राम. ऑफिसात बसून वाचते आहे, आता हसू कुठे लपवू? पिंट्या, बाबा, तुझ्या आईला हे माहीत आहे का?

पिंट्या_फोंडेकर
आईला एवढेच माहीत आहे की मी परदेशात जानवे काढले नाही. ती सगळ्यांना अभिमानाने सांगते.

झुआरीकाठ
धागा परत सुरू करावा अशी विनंती.

वळवई_ते_वॉर्सा
जर्मनीचा विषय निघालाच आहे तर बाटल्यांचे सांगतो. तिथे पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीवर आणि डब्यावर २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली सुपरमार्केटच्या यंत्रात घातली की पावती येते. मला हे कळले आणि मी वेडा झालो. वसतिगृहात पार्टी झाली की सकाळी सगळ्यांच्या आधी उठून बाटल्या गोळा. माझ्या खोलीचे भंगाराचे दुकान झाले होते. एकदा दोन मोठ्या पिशव्या घेऊन यंत्रासमोर उभा असताना मागून मला आवडणारी वर्गातली मुलगी आली. तिने माझ्याकडे बघितले, पिशव्यांकडे बघितले आणि हातातली तिची एक बाटली माझ्या हातात ठेवून गेली. दान म्हणून!

सोलकढी_दोन_वाट्या
घेतलीस ना?

वळवई_ते_वॉर्सा
२५ सेंट कोण सोडतो?

खाडीपार
मला या धाग्याचा सूर थोडा खटकतो. याला गंमत म्हणतात का? जायच्या आधी चार गोष्टी वाचून गेले तर यातले काहीही होणार नाही. म्युनिकला तिकीट काढले पण यंत्रात छाप मारला नाही म्हणून ६० युरो दंड भरलेला मुलगा माझ्या ओळखीचा आहे. तिकिटावर लिहिलेले असते. वाचायचे नाही आणि मग धागे काढायचे.

म्हापशाची_मिरची
खाडीपार, तुम्ही वाचून जाण्याचे म्हणता म्हणून सांगते. मी वाचून गेले होते. बल्गेरियात होकाराला मान आडवी हलवतात आणि नकाराला वरखाली, हे विमानात पाठ केले होते. सोफियातल्या बेकरीत विचारले, यात मांस आहे का? बाईने मान आडवी हलवली. मी मनात उलटवले: म्हणजे आहे. दुसरा पदार्थ दाखवला, तिने मान वरखाली केली. म्हणजे नाही. तो घेतला, चावा घेतला, आत मांस! सोमवार होता. नंतर कळले की ती बाई मला परदेशी ओळखून माझ्या सोयीसाठी आपली मान उलटी हलवत होती. दोघींनीही एकमेकींचा आदर केला आणि माझा उपास मोडला.

डिचोलीची_अक्का
सोमवारचा विषय काढलास म्हणून. आमचा भाचा लिस्बनला असताना श्रावणात हिरवे सूप मागवायचा, बटाटा आणि पालेभाजीचे असते ते. महिनाभर मजेत खाल्ले. वर तरंगणारी लाल चकती त्याला टोमॅटोची वाटायची. चोरीस होता तो, डुकराच्या मांसाचा! गोव्याचा पोरगा, आणि चोरीस ओळखला नाही.

फेरीबोट
अक्का, तो भाचा मी नव्हे. कृपया नोंद घ्यावी.

डिचोलीची_अक्का
मी कुठे म्हटले?

खाडीपार
मिरची, ठीक आहे. बल्गेरियाचे मान्य.

माटोळी
जपानमधल्या एका खेडेगावात शेतकरी कुटुंबात राहिले होते, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी. दारात चपला काढायच्या हे आपल्याला काय शिकवायचे! मी ऐटीत काढल्या. घरात घालायच्या सपाता दिल्या, त्या घातल्या. चटयांच्या खोलीत त्याही काढायच्या, त्याही काढल्या. शौचालयाच्या दारात आणखी वेगळ्या सपाता होत्या, फक्त आतल्यासाठी. त्या घालून आत गेले आणि त्याच घालून बाहेर आले. तशीच थेट जेवणाच्या खोलीत. घरातल्या आजी काही बोलल्या नाहीत. नुसत्या माझ्या पायांकडे बघत राहिल्या, आणि मला वाटले माझी जोडवी आवडली असतील (मैत्रिणीच्या लग्नात हौसेने घातलेली, तशीच राहिली होती). मी पाय पुढे करून दाखवले!
एवढ्यावर थांबले असते तर बरे. जेवताना भाताच्या वाडग्यात काड्या उभ्या खुपसून पाणी प्यायला हात मोकळे केले. तेव्हा मात्र आजींनी चटकन उठून काड्या काढल्या. मेलेल्या माणसापुढे तसा भात ठेवतात तिथे. हे ऐकून मला जपानी लोकांपेक्षा जास्त धसका बसला. आमच्या घरी ताटातल्या भाताचा नुसता गोल उंडा केला तरी आई ओरडते, हे काय पिंड मांडलेस?

पेडण्याचा_पांडू
बँकॉक. स्वस्तातली विमाने निघाली तेव्हा मित्रांबरोबर गेलो होतो. (हसू नका. बँकॉकला गेलो म्हटले की सगळे जण एकाच पद्धतीने हसतात, ते थांबवा. आम्ही देवळे बघायला गेलो होतो. मुख्यतः.)
संध्याकाळी लुंपिनी बागेत पळायला गेलो. सहा वाजता भोंग्यावर गाणे सुरू झाले आणि अख्खी बाग जागच्या जागी थिजली. पळणारे, व्यायाम करणारे, पोरांना फिरवणारे, सगळे पुतळे. मी एकटा पळतोय. तिथे रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता राष्ट्रगीत लागते, आणि सगळे उभे राहतात. मला हे माहीत नव्हते, पण काहीतरी गंभीर आहे एवढे कळले आणि मीही थांबलो. मात्र थांबलो तेव्हा एक पाय हवेत होता. खाली ठेवला तर अपमान होईल की काय या भीतीने तसाच धरून ठेवला. शेजारची बाई ओठ चावत सरळ समोर बघत होती. गाणे संपल्यावर तिने मला मराठी माणसासारखा नमस्कार केला.

झुआरीकाठ
बगळा!

सोलकढी_दोन_वाट्या
मुख्यतः देवळे. बरोबर.

निवृत्त_तारवटी
मुलांनो, मी या धाग्यावरचा सगळ्यात म्हातारा असेन. वास्कोचा. विशीत बोटीवर लागलो तेव्हा विमान फक्त दाबोळीच्या माळावर उतरताना बघितलेले. फजितीचे म्हणाल तर विषुववृत्ताची सांगतो. पहिल्यांदा विषुववृत्त ओलांडणाऱ्याला समुद्राच्या राजापुढे उभे करायची दर्यावर्दी लोकांत जुनी रीत आहे. मोठे खलाशी नेपच्यून आणि त्याची राणी बनतात, दाढी दोरखंडाची, मुगुट पत्र्याचा. माझ्यावर आरोप ठेवला की याने समुद्राची परवानगी न घेता मासे खाल्ले आहेत. गोव्याचा माणूस, नाकारू कसे? मग स्वयंपाकघरातले उरलेसुरले डोक्यावर ओतले, वस्तऱ्याचे सोंग करून अर्धी मिशी खरीच उडवली आणि ताडपत्रीच्या हौदात बुडवले. मिशी नुकती फुटली होती, केवढे जपायचो तिला!
गंमत पुढे आहे. ब्राझीलच्या सान्तोस बंदरात उतरलो तेव्हा पासपोर्टवर मिशी, तोंडावर अर्धी. तिथला अधिकारी फोटो बघायचा, मला बघायचा, मग बोट आडवे धरून अर्धा फोटो झाकायचा आणि परत बघायचा. शेवटी त्याने शिक्का मारला, पण सगळ्या कचेरीला बोलावून दाखवूनच.

माटोळी
काका, हे वेगळे लिहून काढा. असे एका प्रतिसादात संपवू नका.

खाडीपार
तांत्रिक मुद्दा: विषुववृत्त हा परदेश नाही.

निवृत्त_तारवटी
आणि स्वदेशही नाही, बाबा.

रायबंदरची_रेवा
सगळे हसताहेत त्यात मिठाचा खडा टाकते, माफ करा. एकटी मुलगी फिरते तेव्हा अवघडलेपण वेगळे असते. मी बावीसची असताना सीमेवरच्या तपासणीत मलाच बाजूला घेऊन विचारले, एकटी का, नवरा कुठे, पैसे कोणी दिले. मागचा माझ्याच वयाचा जर्मन मुलगा शिट्टी वाजवत पुढे गेला. भारतीय पासपोर्ट आणि विशी, या दोन गोष्टी एकत्र आल्या की आपण पाहुणे नसतो, संशयित असतो. फेरीबोट म्हणतो गोऱ्या माणसाचे दडपण नसते. त्याच्या काउंटरचे असते की नाही?
एवढे बोलून झाल्यावर माझी गंमत: अथेन्सला पाच पाव हवे होते म्हणून बेकरीवाल्याला हाताची पाचही बोटे पसरून, तळवा त्याच्या तोंडासमोर धरून दाखवले. ग्रीसमध्ये तोंडावर उघडा तळवा रोखणे ही मोठी शिवी आहे. मांजराने उंदराकडे बघावे तसा तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटले पाच संपले असतील, म्हणून दुसरा तळवाही रोखला: दहा द्या!

म्हापशाची_मिरची
रेवा, पहिला भाग शंभर टक्के. आणि दुसऱ्या भागासाठी दोन्ही तळव्यांनी टाळ्या, तोंडासमोर न धरता.

फेरीबोट
रेवा, काउंटरचे मान्य. तिथे मलाही घाम फुटतो. पण गंमत अशी की लिस्बनच्या विमानतळावर माझ्या पुढे मडगावचा मित्र होता, आडनाव अस्सल पोर्तुगीज. अधिकारी खूश होऊन त्याच्याशी फाडफाड पोर्तुगीज बोलायला लागला. याला ओ की ठो कळेना. मागून मी, आडनाव अस्सल सारस्वत, आजोबांकडून ऐकलेली चार वाक्ये बोललो. अधिकारी आमचे दोघांचे पासपोर्ट अदलाबदल झालेत का ते तपासायला लागला.

सोलकढी_दोन_वाट्या
तुझे आजोबा पोर्तुगीज बोलतात?

फेरीबोट
सेगुंद ग्राव, म्हणजे पोर्तुगीज काळातली शाळेची परीक्षा, झालेले आहेत. १९६१ नंतर बोलायला कोणी उरले नाही म्हणून रेडिओशी बोलायचे. मी लिस्बनच्या कॅफेतून त्यांना व्हिडिओ कॉल लावला, म्हटले जरा कॉफीची ऑर्डर द्या. मालकाने फोन हातात घेतला तो अर्धा तास दिलाच नाही. दोघे काय बोलत होते देव जाणे, मध्येच दोघांचेही डोळे पाणावलेले. पुढे मी कॅफेत गेलो की मालक माझी विचारपूस न करता फोनकडे हात करायचा. आजोबा झोपलेत म्हटले की त्याचे तोंड पडायचे.

पेडण्याचा_पांडू
हा फजितीचा किस्सा नाही. नियम मोडला. पण राहू दे.

शिरोड्याचा_बाळू
आखातवाल्यांना विसरलात. पहिली नोकरी दुबईला, चतुर्थी झाल्या झाल्या निघालो. आईने डबा भरून नेवऱ्या (म्हणजे करंज्या) दिल्या. विमान सुटल्यावर शेजारी बसलेला, तिथेच काम करणारा गावकर म्हणाला, डब्यात काय? नेवऱ्या. त्याचा चेहरा उतरला. खसखस घातली आहे का? अर्थात घातली आहे, आमच्या आईची नेवरी खसखशीशिवाय होत नाही. अरे बाबा, अफूच्या झाडाची म्हणून खसखशीला अमिरातीत बंदी आहे, तुरुंगात जाशील!
मग काय? आम्ही दोघांनी खायला सुरुवात केली. अरबी समुद्र निम्मा होईपर्यंत पोट भरले. मग पुढच्या रांगेला, मागच्या रांगेला, पलीकडे झोपलेल्याला उठवून. प्रसाद आहे, नाही म्हणू नका! हवाई सुंदरीने दोन घेतल्या. तरी डबा संपेना, आईने दाबून भरलेला. शेवटच्या काही मी शौचालयात उभा राहून खाल्ल्या आणि डबा तीन वेळा विसळला. पुढे कित्येक महिने नेवरीचे नाव काढले तरी मळमळायचे. आईला फोनवर सांगितले, सगळ्या संपल्या. ती म्हणाली, बघ, पुढच्या वेळी जास्त देते.

डिचोलीची_अक्का
😂😂 शागुतीच्या मसाल्यातही खसखस असते रे पोरांनो, आणि दळलेली असली तरी बंदी ती बंदीच. सिंगापूरलाही चालत नाही. वेगळा मसाला करून द्यायला घरी सांगा.

फेरीबोट
सगळे वाचले. पण माझा मूळ मुद्दा कोणी खोडला नाही. फोंडा, डिचोली, पेडणे, शिरोडा, सगळे आतल्या भागातले! परदेशी माणसांत वाढलेला किनाऱ्यावरचा एकही पोरगा इथे फजिती घेऊन आलेला नाही.

कळंगुटचा_धाकटा
आलो. बरेच दिवस नुसता वाचत होतो.
आमच्या घरी भाड्याच्या खोल्या. एक इंग्रज जोडपे दर हिवाळ्यात यायचे, माझ्या जन्माच्या आधीपासून. आई त्यांना शीत-कढी वाढायची, म्हातारा माडाखाली दिवसभर पडून असायचा, लाल बुंद. सुटताना दरवेळी म्हणायचे, इंग्लंडला ये, आमच्याकडे राहा. मी इंटर्नशिपला लंडनला गेलो आणि खरेच गेलो त्यांच्या गावी.
स्टेशनवर उतरलो. फलाटावर कोणी नाही, फक्त एक टाय-कोटातले गृहस्थ. मी इकडे बघतो, तिकडे बघतो. ते माझ्याकडे बघून हात हलवताहेत. मला वाटले माझ्या मागच्याला. लोकहो, तो माणूस माझ्या जन्मापासून आमच्या अंगणात होता, पण अंगावर कपडे असलेला मी त्याला कधीच बघितला नव्हता! आवाज ऐकल्यावर ओळखले.
घरी गेलो तर सात वाजलेले. मी दुपारपासून उपाशी, म्हटले आईने इतकी वर्षे जेवू घातले, इथे काय थाट असेल. त्यांचे जेवण सहालाच झालेले. चहा आला, दोन बिस्किटे आली. मग म्हातारीने विचारले, आणखी काही? आपली सवय: पहिल्यांदा नाही म्हणायचे, समोरच्याने आग्रह करायचा, दुसऱ्यांदा नाही, मग ताट यायचे. मी म्हटले, नको नको. ती म्हणाली बरे, आणि ताटली उचलून नेली. रात्री बॅगेतली आईने त्यांच्यासाठी दिलेली काजूंची पिशवी मी पांघरुणात बसून फोडली. सकाळी त्यांना उरलेले दिले.

पिंट्या_फोंडेकर
‘अंगावर कपडे असलेला.’ तुझा माणूस मला श्टुटगार्टला भेटला असणार.

खाडीपार
मला हसू आले. नोंद घ्यावी.

रायबंदरची_रेवा
बरे झाले, किनारापट्टीही आली. फेरीबोट, आता?

फेरीबोट
कळंगुटचा हा अपवाद. बागा, कांदोळी, कोलवा, बाणावली यांची वाट बघतो.

शिरोड्याचा_बाळू
ते येईपर्यंत एक खरी अडचण सोडवा. चुलतभाऊ यंदा चतुर्थीनंतर दुबईला चालला आहे आणि आईने आत्तापासून नेवऱ्यांची यादी काढली आहे. खसखशीऐवजी काय घालायला सांगू?

डिचोलीची_अक्का
पांढरे तीळ भाजून घाल, थोडी चारोळी. चव वेगळी लागते पण वाईट लागत नाही. सारणात ओला नारळ असेल तर चांगला कोरडा परतायला सांग, नाहीतर वाटेतच आंबेल. आणि डबा हातसामानात ठेव म्हणावे, खालच्या बॅगेत चुरा होतो.